सुतकाआधीचा रविवार

आमच्या आळीतून सहल न्यायची तर आधी कोण मरणार नाही ते बघावं लागतं. थट्टा करत नाही. घिवलीच्या अलीकडची आमची आळी म्हणजे बावीस घरं, आणि बावीसच्या बावीस एकाच भाऊकीतली. एका घरात माणूस गेलं की साऱ्या आळीला दहा दिवस सुतक. एका घरात मूल जन्मलं की साऱ्या आळीला सोयर. या दिवसांत देवाला शिवायचं नाही, गोडधोड करायचं नाही, नटूनथटून कुठे जायचं नाही. मग सहल कुठली! म्हातारी माणसं आणि दिवस गेलेल्या सुना यांच्या मधून एखादा मोकळा रविवार सापडला तर सापडला.

मी बोईसरच्या एका शाळेत तीसेक वर्षं चित्रकला शिकवली. चित्रकलेच्या बाईला शाळेत काय मान असतो ते चित्रकलेच्या बाईलाच ठाऊक. परीक्षा जवळ आली की गणिताचे सर माझा तास मागून न्यायचे आणि मी मुकाट्याने देऊन टाकायचे. निवृत्त झाले त्या वर्षी आळीच्या महिला मंडळाने मला अध्यक्ष केलं, कारण एकच, मला अर्ज लिहिता येतात. मंडळाचं काम म्हणजे संक्रांतीचं हळदीकुंकू, श्रावणातली भजनं आणि वर्षातून एक सहल. ती कुठल्या तरी देवीला, नाहीतर गणपतीला. मी अध्यक्ष झाल्या झाल्या जाहीर केलं, की या वेळी मुंबईला जायचं, म्युझियममध्ये, खरी चित्रं बघायला.

खरं कारण मी मंडळात सांगितलं नव्हतं. ते कारण म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई.

त्यांचा उजवा डोळा आधीच गेला होता, आणि आता डाव्याच्या मधोमध डाग धरायला लागला होता. पालघरच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मधलं दिसायचं बंद होणार. कडेकडेचं थोडं राहील. यावर औषध नाही, आणि किती दिवस ते मी सांगू शकत नाही." बाजूला घेऊन काही उपयोग नव्हता, जाऊबाईंचे कान शाबूत होते. रिक्षात बसल्यावर त्या म्हणाल्या, "मधलं जाणार म्हंजे माणसांची तोंडं जाणार. कान तेवढे दिसतील सगल्यांचे." आणि हसल्या. मला हसता आलं नाही.

जाऊबाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या. शाळेत असताना चित्रकलेची एलिमेंटरी पास झालेल्या, इंटरमिजिएटचा फॉर्म भरलेला, आणि परीक्षेच्या आदल्या महिन्यात त्यांचं लग्न लागलं. त्यानंतरचा सगळा जन्म मोगऱ्याच्या वाडीत गेला. पहाटे कळ्या खुडायच्या, गजरे ओवायचे, टोपली बोईसरला पाठवायची. पुढे काही वर्षांनी मी धाकटी सून म्हणून आले, तेव्हा माझ्या सामानातल्या रंगाच्या पेटीपाशी त्या बराच वेळ घुटमळल्या आणि मग विचारलं, "मी उघडून बघू?" त्या दिवसापासून आमचं जमलं. शाळेच्या लायब्ररीतून मी चित्रांचं एक जाडजूड पुस्तक आणायचे आणि दुपारी ओटीवर बसून आम्ही दोघी ते बघायचो. मी म्हणायचे, छापलेल्याला काय बघायचं, एकदा मुंबईला नेऊन खरंखुरं दाखवते तुम्हाला. किती वेळा म्हटलं असेन! शाळेच्या मुलांच्या कितीतरी तुकड्या मी त्या म्युझियममधून फिरवून आणल्या. घरातल्या बाईला नेलं नाही. वेळ मिळाला नाही असं मी सांगायचे. वेळ होता. सुचलं नाही, एवढंच. हे लिहितानासुद्धा मला माझा राग येतो.

म्हणून त्या दिवशी रिक्षातून उतरल्या उतरल्या मी म्हणाले, "जाऊबाई, उद्याच जाऊ. आपण दोघीच. सकाळची गाडी पकडू."

"खुळी काय गो तू?" त्या म्हणाल्या. "घरात काय सांगू? चित्रं बघायला चालले? डोळे अधू झालेली बाई?"

"त्यात सांगायचंय काय एवढं?"

"तुला नाय कलायचं. तू नोकरीवर जायचीस, तुला कोन काय इचारीत नव्हतं. तू मंडळाची सहल काढ. मंडळाबरोबर येते मी."

त्यांचं खरं होतं. मंडळाची सहल म्हटली की बाईला घरात कारण द्यावं लागत नाही. स्वतःसाठी जायचं म्हटलं की दहा जणांना दहा कारणं द्यावी लागतात. तेव्हा एका बाईला चित्रं दाखवायला मी पंचवीस बायकांची सहल ठरवायला निघाले.

बैठक देवळाच्या ओसरीवर झाली. म्युझियम म्हटल्यावर पहिला प्रश्न आला, "तिकडे खायला काय मिलते?" दुसरी म्हणाली, "चित्रं माझ्या मोबाइलवर येतात बाई, रोज सकाळी. फुलं नि सुविचार." तिसरीला समुद्र बघायचा होता. आता आमच्या घराच्या मागे समुद्र, रात्रंदिवस कानाशी त्याची गाज, आणि हिला मुंबईचा समुद्र बघायचा! मी कपाळाला हात लावला. शेवटी असं ठरलं की आधी म्युझियम, मग देवी, मग चौपाटी. म्युझियमला दोन तास. ते दोन तास मी भांडून मिळवले.

म्युझियममध्ये फोन केला तेव्हा पलीकडच्या बाईंनी सांगितलं, चित्रांचं दालन दुरुस्तीसाठी लवकरच बंद होणार आहे. या महिन्यातले आणि पुढच्या महिन्यातले रविवार, बस्स. उघडणार कधी? "ते नाही सांगता येणार." हे वाक्य मला त्या दिवसांत सगळेच ऐकवत होते.

पहिला रविवार ठरला. बोईसरच्या एका माणसाची बस होती, कारखान्यांतल्या कामगारांची ने-आण करणारी, ती मिळाली. गुरुवारी चौथ्या घरातल्या आजी गेल्या. सुतक. बस रद्द.

दुसरा रविवार ठरवताना मी पंचांग बघितलं, आळीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या तब्येती विचारून घेतल्या, आणि तरी माशी शिंकली. वरच्या घरातल्या सुनेचे दिवस पुढच्या महिन्यात भरणार होते, ती शुक्रवारीच बाळंत झाली. मुलगी झाली. सगळ्या बायका आनंदाने बघायला धावल्या आणि मी आपली बोटं मोजत बसले. बाळाचं तोंड न्याहाळायचं सोडून मनात म्हटलं, थोडे दिवस थांबायला काय झालं होतं गं तुला?

पण सोयर म्हणजे काही दुःखाचं नाही, असा एकीने मुद्दा काढला. देवळात जायचं नाही, ठीक, देवी गाळू. म्युझियमला जायला काय हरकत आहे? त्यावर दुसरी म्हणाली, "तिथं देवांच्या मूर्ती असतात ना? मग देवलच झालं ते." यावर तासभर वाद झाला. अखेर भटजींना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "त्या मूर्तींची प्राणप्रतिष्ठा केलेली हाय का?"

मी म्हटलं, "काचेच्या कपाटात आहेत."

"मग शास्त्राची हरकत नाय. पण भाऊकीत मोठं कोण हाय त्यांना विचारा."

भाऊकीत सर्वांत मोठे म्हणजे मोठे काका, माझे चुलत सासरे. नव्वदीच्या आसपासचे, ताठ, दात नसले तरी आवाज खणखणीत. ते ओटीवर बसून सुपारी कातरत होते. मी विचारलं. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "बाळंतीन अजून दहा दिवसांची नाय झाली आणि आळीतल्या बाया मुंबई हिंडणार? नाय जायचं." संपलं. मी घरी येताना मनात काय म्हटलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. म्हटलं, हा म्हातारा आहे तोवर या आळीत कुणाला काही करता येणार नाही.

आता एकच रविवार उरला होता, दालन बंद व्हायच्या आधीचा शेवटचा. आणि त्या रविवारच्या आधीच्या सोमवारी मोठ्या काकांनी अन्न सोडलं.

बोईसरहून डॉक्टर आले, नाडी बघितली, म्हणाले, आता हलवू नका, वय झालंय. चार-आठ दिवस काढतील, किंवा आजच. मी दारात उभी होते. मला त्या क्षणी काकांचं काही वाटलं नाही. मला फक्त रविवार दिसला, आणि माझीच मला शिसारी आली.

काकांची सून, म्हणजे नात्याने आमची चुलत जाऊ, तीच त्यांचं सगळं करायची. नवरा तारापूरच्या एका कारखान्यात पाळीवर, मुलगा शिकायला बाहेर. ती आळीत सून म्हणून आली तेव्हा आमच्या जाऊबाईंनीच तिला गजरे ओवायला शिकवलं होतं. त्यांच्यावर तिचा फार जीव. सहलीच्या यादीत पहिलं नाव तिचं होतं. मंगळवारी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, माझं नाव काढा. मला काय जमणार नाय आता. पण तुमी ताईंना घेऊन जा हां. काय बी झालं तरी."

ताई म्हणजे आमच्या जाऊबाई. तिला माहीत होतं तर! मी समजत होते माझं गुपित माझ्यापाशी आहे.

"काय बी झालं तरी कसं जाणार गं?" मी म्हटलं. ती तशीच उठून काकांकडे गेली.

त्या आठवड्यात मोठ्या काकांची जी सेवा झाली ती आळीत आजवर कुणाची झाली नसेल. सकाळी एक पेज घेऊन जायची, दुपारी दुसरी शहाळ्याचं पाणी चमच्याने पाजायची, तिसरी पाय चेपायची, चौथीने देवीला नवस केला की रविवारपर्यंत त्यांना राहू दे. "रविवारपर्यंत" हे तिने मोठ्याने म्हटलं आणि मग जीभ चावली. रस्त्यात भेटलेली प्रत्येक बाई दुसरीला विचारायची, "काका कसे हायेत?" आणि त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असायचा. सगळ्यांना तो ऐकू यायचा, कुणी बोलायचं नाही. बायकांना म्युझियमची एवढी ओढ कधी लागली कोण जाणे. मला वाटतं, जाऊबाईंचं सगळ्यांनाच कळलं होतं.

बुधवारी मी काकांकडे गेले. खोलीत रॉकेलसारखा कसल्याशा तेलाचा वास होता. काका डोळे मिटून पडले होते. मी जायला वळले तर त्यांनी विचारलं, "कधी जाताय तुमी?"

मी उंबऱ्यातून मागे फिरले. काका म्हणाले, "सून बोलली मला. कधी?"

"रविवारी, काका."

"आज काय हाय?"

"बुधवार."

त्यांनी जरा वेळ छताकडे बघितलं. "लय लांब हाय गो रविवार," म्हणाले.

मी बाहेर येऊन पडवीतल्या खांबाला धरून उभी राहिले. काय करणार? त्यांना थांबा म्हणून सांगू शकत नव्हते, जा म्हणून तर नाहीच. बस रद्द करावी तर जाऊबाईंचा उरलेला डोळा, न करावी तर हा माणूस. दोन्हीकडे बघून न बघितल्यासारखं करायचं, एवढंच माझ्या हातात होतं. शनिवारी संध्याकाळी त्यांनी दोन चमचे पेज घेतली अशी बातमी आली आणि आळीभर चुली पेटल्या. बायकांनी दशम्या केल्या, चटण्या केल्या. मी बसवाल्याला फोन केला.

रविवारी सकाळी सहाला बस फाट्यावर उभी होती. उजाडत होतं. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून, डोक्यात जाऊबाईंच्या वाडीतला मोगरा माळून चढत होत्या. ड्रायव्हर भय्या होता, सारखा घड्याळ बघत होता. "मॅडम, और कितना टाइम?" मी डोकी मोजत होते. जाऊबाईंना मी हाताला धरून पहिल्या सीटवर खिडकीशी बसवलं.

तेवढ्यात काकांची सून आली. रस्त्याच्या पलीकडे, कुंपणापाशी उभी राहिली. मी हाक मारली, "अगं इकडे ये ना, ताई बसल्यात बघ." ती आली नाही. तिथूनच म्हणाली, "निघा निघा, उशीर नका करू."

"काका कसे आहेत?"

"निजलेत," ती म्हणाली. "फोन नका करत बसू, माझा मोबाइल बिघडलाय."

मला जरा राग आला. एवढी ताई ताई करते आणि चार पावलं चालत येऊन निरोप घेता येत नाही? दोन बायका तिला मिठी मारायला खाली उतरू लागल्या तर ती मागे सरकली, हाताने नको नको म्हणाली. बस सुटली. वळणावर मी मागे बघितलं तर ती अजून कुंपणापाशीच होती.

चिल्हार फाट्याला हायवे लागला तसा बायकांना कंठ फुटला. भजनं झाली, मग गाणी, मग लग्नातले उखाणे. मीही गायले. आठवडाभर धरून ठेवलेला श्वास सोडल्यासारखं झालं होतं. जाऊबाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या.

म्युझियमच्या दालनात गार होतं आणि दिवे मंद होते. मला वाटलं होतं बायका दहा मिनिटांत कंटाळतील. त्या कंटाळल्या नाहीत. "हिचा पदर बघ, वाटतंय हात लावावा." "या म्हातारीचं नाक आमच्या आत्यासारखं." एक जण तर एका बैलाच्या चित्रासमोर उभी राहून बैलाला खोड कोणती असेल ते सांगत होती. माझ्या आयुष्यात इतके चांगले विद्यार्थी मला मिळाले नव्हते, पण त्यांच्याकडे बघायला मला सवड नव्हती. जाऊबाईंसाठी मी एक चित्र मनात धरलं होतं. मोठं तैलचित्र, एक बाई ओसरीवर बसून मांडीवरल्या परडीतली फुलं निवडते आहे. त्यांचा हात धरून मी त्यांना त्या चित्रासमोर नेलं. पुढे दोरी होती. दोरीपाशी त्यांना नीट मधोमध उभं केलं.

मी चित्राकडे बघत नव्हते, त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. दोरीवर हात ठेवून त्या चित्राकडे तोंड करून उभ्या होत्या. मला भरून आलं. वाटलं, झालं, एकदाचं झालं.

मग त्या हळूच म्हणाल्या, "कुठेशी हाय गो?"

"समोर," मी म्हटलं. "तुमच्या समोरच आहे."

त्यांनी मान एका बाजूला वळवली, मग दुसऱ्या. डोळ्याच्या कोपऱ्यातून शोधल्यासारखं केलं. "पिवलं काय तरी हाय. हिकडे खाली. बाकी धूर."

मी त्यांना माझ्याकडे वळवलं. "कधीपासून?"

"पंधरा दिस झाले असतील."

"मला का नाही सांगितलंत?"

"कुठल्या तोंडाने सांगू? तू दारोदार हिंडत होतीस. बाया काकांना पेज भरवीत होत्या. सगली आळी माझ्यासाठी धडपडते, आणि मी सांगू, आता नको, दिसत नाय?" त्या पंधरवड्यात त्यांनी कळ्या खुडायला जायचं बंद केलं होतं. पाठ धरली म्हणाल्या होत्या. मी त्यांना तेल चोळून दिलं होतं, आणि आंधळी कोण ते मला आता कळत होतं.

मी पहारेकऱ्याकडे गेले. म्हटलं, यांना अगदी जवळून थोडं दिसतं, एक मिनिट दोरीच्या आत जाऊ द्या. तो भला माणूस होता, पण मान हलवून म्हणाला, "नाही मॅडम, दोरीच्या आत कुणालाच नाही." तीस वर्षं मी हेच मुलांच्या अंगावर ओरडले होते. दोरीच्या मागे, दोरीच्या मागे! त्याला काय सांगणार?

"राहू दे," जाऊबाई म्हणाल्या. "तू सांग काय हाय त्यात."

आणि मला सांगता येईना. चित्र कसं बघायचं हे शिकवण्यात माझी उमर गेली, आणि त्या वेळी माझ्या तोंडून निघालं, "बाई आहे. परडी आहे. हिरवी साडी." जाऊबाईंनी माझा हात दाबला. "आता पुरे. कुणाला बोलू नको हां. बायांचा दिस खराब नको."

दुपारी देवीच्या देवळात रांग होती. मी तिथून घरी फोन केला. यजमान म्हणाले, "इथे सगळं ठीक आहे. जेवलात का?" लग्नाला इतकी वर्षं झाली, जेवलात का असं त्यांनी मला फोनवर कधी विचारलं नव्हतं. पण माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. चौपाटीवर बायकांनी पाण्यात पाय बुडवले, भेळ खाल्ली. जाऊबाईंनी सगळ्यांना सांगितलं की चित्रं फार छान होती.

परतताना आळीच्या फाट्यावर यजमान उभे होते. धोतर नेसलेले, अंगात फक्त बनियन, डोकं ओलं. त्यांनी हात करून बस थांबवली आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "घरी नका जाऊ आधी. काकांकडे जा. सकाळी गेले. आम्ही सगळं आटपून आलो."

"सकाळी किती वाजता?" मी विचारलं.

"साडेपाचला."

बसमध्ये एक जण रडायला लागली आणि तिच्यामागून बाकीच्या. एक म्हणाली, आपण देवीला जाऊन आलो गं, सुतकात! दुसरीने तिला गप्प केलं, कानावर आलं नाही तोवर सुतक नसतं. खरंच आहे ते. लग्नघरात असं करतात. मांडवात अक्षता पडेपर्यंत मरणाची बातमी दाबून ठेवल्याचं मी किती वेळा ऐकलंय. पण लग्न असतं तेव्हा चार बायका मिळून ते ओझं उचलतात. इथे काकांच्या सुनेने एकटीने उचललं होतं. नवरा रात्रपाळीवरून साडेसातला आला, तोवर ती मढ्यापाशी एकटी होती. आम्ही बसमध्ये उखाणे घेत होतो. आणि तो आला, पुरुष जमले, तरी तिच्या गळ्याला मिठी मारून रडायला आळीत बाळंतिणीखेरीज एक बाई नव्हती. सगळ्या मी घेऊन गेले होते. पलीकडच्या पाड्यातल्या दोघी-तिघी येऊन बसल्या होत्या. त्यांतली एक मला दारातच म्हणाली, "सकाळपास्नं डोल्यात टिपूस नाय हिच्या. रडव तिला बाई, नायतर काय तरी होईल."

ती माजघरात भिंतीला टेकून बसली होती. आम्ही बायका आत शिरलो, कुणाच्या हातात पिशवी, कुणाच्या पायाला चौपाटीची वाळू. मी तिच्यासमोर बसले. मला तिचे पाय धरावेसे वाटत होते.

तिने माझ्याकडे बघितलंच नाही. जाऊबाईंकडे बघितलं आणि विचारलं, "दिसलं का ताई?"

जाऊबाई चाचपडत तिच्याशेजारी बसल्या. तिचा हात शोधून हातात घेतला. "दिसलं गो."

"काय दिसलं?"

"एक बाय होती. ओटीवर बसलेली. मांडीवर परडी," जाऊबाई म्हणाल्या. मग जरा थांबल्या, आणि पुढे सांगत गेल्या. साडी हिरवी, काठ जांभळा. हातात काचेच्या बांगड्या, एक जरा तडकलेली. परडीत सगळी पिवळी फुलं, मधे एकच पांढरं. पाठीमागच्या खिडकीतून ऊन आलेलं, ते तिच्या अर्ध्या गालावर. मान खाली, पण ओठांवरून कळत होतं की कुणीतरी हाक मारलीय आणि ती आता वर बघणार आहे. यातलं निम्मंही मी त्यांना सांगितलं नव्हतं. निम्मं त्या चित्रात नव्हतंच.

"सगलं नीट दिसलं?" तिने पुन्हा विचारलं.

"सगलं. तुझ्यामुले."

"मग झालं," ती म्हणाली, आणि जाऊबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून हंबरडा फोडला. जाऊबाई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. मी समोर बसून होते.